खांद्यावरचा हात

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१४ जून १९९९

चि. प्रसेनजीत यास,
ताईचे अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं अंतर्देशीय पत्र पोचलं. ‘मी खुशाल आहे, काळजी नसावी’ यापलीकडे त्यात काही नव्हतं, तरी आईनं ते माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. आप्पांनी एकदाच वाचलं, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि दिवसभर खिसा चाचपत राहिले. ते मी पाहिलं नाही अशी त्यांची समजूत आहे.

युद्ध तुमच्याकडे कसं चाललंय ठाऊक नाही, पण आपल्या पेठेत जोरात आहे. शेजारच्या धोंडुबाईनं टीव्ही ओट्यावर काढून ठेवलाय. एका चॅनेलवर वर्ल्डकप, दुसऱ्यावर तुम्ही. पोरं दोन्हीकडचा स्कोअर विचारतात. जाहिराती लागल्या की धोंडुबाई चहा टाकायला उठते आणि जाताना बजावून जाते, म्या येईस्तवर एक बी डोंगर जिंकायचा न्हाय. शाळेत मी चौथीच्या मुलांना आवडत्या प्राण्यावर निबंध दिला, तर निम्म्या वर्गानं तोफेवर लिहिला. मी गुण दिले, काय करणार.

आता मुद्द्याचं. तालमीजवळचा बाळासो आठवतो ना? तो हल्ली ‘दैनिक रणनौबत’चा वार्ताहर आहे. परवा घरी आला. पोरगं तिकडं काय करतं, असं आईला विचारलं. आई म्हणाली, गाडी चालवतं. त्यानं वहीत रणगाडा लिहिला. मी म्हटलं, अरे ट्रक चालवतो तो, बटाटे आणि रॉकेल पोचवतो. तर मला म्हणतो, ताई, बटाटं वाचायला पेपर कोण घेतंय?

मग त्याला तुझा बंदुकीसकट फोटो हवा झाला. आईनं जरा विचार केला आणि सरळ ट्रंकेच्या तळातून तो फोटो काढला. कोणता ते तुला कळलं असेलच. तीन वर्षांपूर्वी रजेवर आलास, आपल्या माळ्यावर राहणाऱ्या गुंडूच्या गावाला चंदगडला जातो म्हणून आप्पांना सांगितलंस आणि दोघे मिळून जोतिबाच्या चैत्री यात्रेला गेलात, तिथला. मागे पडद्यावर रंगवलेला हिमालय, तुझ्या हातात लाकडी बंदूक, दोघांच्या डोक्यापासून कॉलरीपर्यंत गुलाल, आणि गुंडू तुझ्या गळ्यात हात टाकून दात काढतोय. आप्पा तेव्हा विहारात गेले होते म्हणून बरं. दीक्षेनंतर ज्या माणसानं देवळाची पायरी चढली नाही, त्याच्या ट्रंकेत गुलालात माखलेला मुलगा निघाला असता तर कारगिल इथेच झालं असतं.

फोटो परत आणून द्यायचा, दुसरी कॉपी नाही, असं मी बाळासोला बजावलंय. त्यानं आईची शपथ घेतली, स्वतःच्या नव्हे, आपल्या.

जिवाला जप. थंडीचं कानाला बांधत जा.

तुझी,
संघप्रिया


मार्फत ५६ एपीओ
२४ जून १९९९

ती. ताईस,
प्रसेनजीतचा कडक सॅल्यूट व सविनय जयभीम. वि. वि.

मी आहे तिथे आहे. जागेचं नाव लिहिलं तर आमचे सुभेदार साहेब त्यावर काळी शाई फासतात. सामानाला गुंडाळून जुने पेपर येतात, त्यात मात्र जागेचं नाव, उंची, नकाशा, कुठून कुठे जायचं त्याचे बाण, सगळं असतं. आम्हालाही रस्ता त्यातूनच कळतो म्हटलं तरी चालेल.

परवा दिल्लीचा एक टीव्हीवाला डेपोत आला होता. डोक्यावर कोरं हेल्मेट, पट्ट्याला दुकानाची चिठ्ठी तशीच. त्यानं आम्हाला बटाट्याच्या पोत्यांमागे पालथं झोपवलं आणि डोंगराकडे रोखून बघायला सांगितलं. एका पोत्यातून बटाटे डोकावत होते, त्यावर ताडपत्री टाकली. भटारखान्यातला नाईक हातात डाव घेऊन आला होता, त्याला डाव लपवायला लावला. मग माइक माझ्यासमोर धरून विचारलं की आत्ता मनात काय भावना आहे. मी म्हटलं, साहेब, जेवायची वेळ झालीय. धोंडुबाईच्या टीव्हीवर मी दिसलो तर कळव, पण ते वाक्य काही दिसायचं नाही.

आता खरी बातमी. गुंडू भेटला! मी ट्रकच्या रांगेत उभा, मागून हाळी आली, ए पश्या, सरक की जरा. वळून बघतो तर माकडटोपीत गुंडू. त्याच्या मालकाचा ट्रक माल घेऊन जम्मूला आला होता, तिथे ठेकेदारानं लष्कराच्या सामानासाठी लावून घेतला. आपल्या माळ्यावर झोपून ट्रान्सपोर्टात क्लीनरकी करणारं पोरगं आता या घाटात दहा चाकी हाकतंय. थंडीनं त्याची ती अर्धी करंगळी निळी पडते. लहानपणी भात कापताना विळ्यानं तुटली ती. म्हणतो, बरं झालं, गारठायला तेवढंच बोट कमी.

फोटोचं सांगितल्यावर इतका हसला की बाकीचे ड्रायव्हर गोळा झाले. मग त्यानं सांगितलं. त्याच्या अव्वानं, म्हणजे आईनं, चिमणाबाईंनी, त्याचा एकही फोटो पाहिलेला नाही. घरी कधी काढलाच नाही. एक लायसनवर आहे, तो ह्याच्याजवळ. तर पेपरवाल्याकडून आला की तो आख्खा फोटो चंदगडला अव्वाला दे, असं त्यानं तुला सांगायला लावलंय. बंदूक बघून अव्वा गावभर दाखवत फिरंल की, म्हणाला. मी कबूल केलंय, तेवढं विसरू नकोस.

आप्पांना जयभीम. आईला म्हणावं कान बांधलेत.

तुझा,
प्रसेनजीत


मंगळवार पेठ, कोल्हापूर
५ जुलै १९९९

चि. प्रसेनजीत यास,
अ. आ. व सप्रेम जयभीम. वि. वि.

बाबा रे, तू फार मोठा झालास. सोबत कात्रण आहे. आधी बसून घे, मग वाच.

‘रक्ताने न्हाला, तरी बंदूक ना सोडली!’ हा मथळा. त्याखाली, मंगळवार पेठेच्या वाघानं रणगाड्यासह शिखर सर केलं. फोटोखाली बारीक अक्षरात, ‘रणभूमीवरून खास रणनौबतसाठी’. त्यांच्या काळ्यापांढऱ्या छपाईत गुलाल काळा उतरला आणि काळं ते रक्त ठरलं. कपाळावर रक्त, गालावर रक्त, कॉलरीवर रक्त. एवढं रक्त गेलेला माणूस दात काढून हसतोय याला त्यांनी ‘मृत्यूलाही हसणारा’ म्हटलंय.

आईनं पेपर बघितला आणि ऊर बडवून घेतला. मी म्हटलं, अगं, फोटो तूच दिलास, ट्रंकेतून तूच काढलास, तो गुलाल आहे हे तुला ठाऊक आहे. तर रडत रडत म्हणते, ते खरं, पर पेपरात आलंय म्हंजे मागनं काय तरी झालं असंल की. तोवर निम्मी पेठ दारात. धोंडुबाईनं पिठलं भाकरी आणली. सुतकातल्या घरी आणतात तशी आणली आणि तू जिवंत आहेस म्हटल्यावर तिचा थोडा विरस झाला.

आप्पांनी चष्मा लावला, वर भिंग धरलं, फोटो बराच वेळ पाहिला. मग आईला शांतपणे विचारलं, मीना, हिमालयाला वरून कड्या कशा? तो पडदा दोरीला ज्या कड्यांनी अडकवलाय त्या स्पष्ट छापल्या गेल्यात. आई म्हणाली, मिल्ट्रीनं काय तरी सोय केली असंल. आप्पा हं म्हणाले. रणगाडा डोंगरावर चढला कसा, हे त्यांनी विचारलंच नाही.

पण प्रसेनजीत, फोटोत गुंडू नाही. कापलाय. मी तशीच छापखान्यात गेले. बाळासो म्हणतो, त्यो दुसरा कोण कुणाला म्हाईत, आणि त्यो जास्त हसतोय, नजर त्याच्याकडंच जात हुती, हिरो एकच लागतोय ताई. कात्री चालवून कापलाय, खरोखरच्या कात्रीनं. ती बाजू केरात गेली. मी केराची टोपली पालथी घातली. एका नवरीचं निम्मं तोंड आणि कुठल्याशा पुढाऱ्याचा कान सापडला, गुंडू नाही. तुझी बाजूही मिळाली नाही, ती कुणीतरी ‘मोठ्या कामासाठी’ नेलीय म्हणे. गुंडूचा हात तेवढा तुझ्या गळ्यामागून येऊन डाव्या खांद्यावर राहिलाय. तो कापायचा तर तुझी मान कापावी लागली असती.

संपादकांना भेटून खुलासा छापा म्हटलं. त्यांनी मला पाणी दिलं आणि सांगितलं की अशा वेळी खुलासे छापले तर जवानांचं मनोधैर्य खचतं. तुझं खचलं तर कळव.

गुंडूला सांग, ताईची चूक झाली. फोटो देताना मीच कॉपी काढून घ्यायला हवी होती. अजून शोधते आहे.

तुझी,
संघप्रिया


मार्फत ५६ एपीओ
१५ जुलै १९९९

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र आणि कात्रण आलं त्या दिवशी सुभेदार साहेबांनी ते सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. हसून हसून पोट दुखलं. मला रणगाड्याची किल्ली कुठे ठेवलीस म्हणून विचारत होते. कात्रण गुंडूला दाखवायचं म्हणून मी खिशात ठेवलं होतं.

ते दाखवायचं राहिलं. ताई, गुंडू गेला.

इथे रस्त्यावर दिवे लावून गाडी चालवायची नाही असा हुकूम आहे. उजेड दिसला की समोरच्या डोंगरावरून तोफगोळे पडतात. अंधारात पुढच्याच्या मागे मागे जायचं. त्याचा ट्रक माझ्या पुढे होता. एका वळणाला पुढे कुणी नव्हतं, एवढंच मला कळलं. खाली नदी आहे. सकाळी त्याला वर काढलं. गाडी, कपड्यांची पिशवी, लायसन, सगळं पाणी घेऊन गेलं. पंजाबचे दोन ड्रायव्हर आणि मी, आम्ही तिघांनी इथेच अग्नी दिला. माझ्याजवळ त्याची माकडटोपी राहिलीय. आदल्या दिवशी माझ्या गाडीत विसरला होता.

तो शिपाई नव्हता म्हणून इथल्या कुठल्या कागदात त्याचं नाव नाही. ठेकेदार म्हणतो अपघात. त्याच्या गाडीत आमचंच पीठ होतं.

ताई, तो फोटो शोध. कसाही शोध. चंदगडला जा. मला इतक्यात रजा नाही. मी अव्वाला काय लिहू, तिला वाचता येत नाही आणि मला लिहिता येत नाही.

तुझा,
प्रसेनजीत


मंगळवार पेठ, कोल्हापूर
२ ऑगस्ट १९९९

चि. प्रसेनजीत यास,
अ. आ. व सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र आईसमोर वाचता आलं नाही. तिनं माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं आणि माळ्याच्या शिडीजवळ जाऊन बसली. गुंडूची जुनी चादर अजून माळ्यावर आहे. आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत.

मी आधी रणनौबतमध्ये गेले. त्यांना वाटलं तुझ्याबद्दल नवीन काही आणलंय, खुर्ची दिली. गुंडूचं सांगितलं तेव्हा संपादकांनी विचारलं, गोळी लागली का? मी म्हटलं नाही. बॉम्ब? नाही. मग गणवेश तरी? नाही. त्यांचा चेहरा असा पडला, जणू गुंडूनं त्यांना फसवलंय. आतल्या पानावर कांद्याच्या भावाशेजारी चार ओळी आल्या. ‘चंदगडचा ट्रकचालक परराज्यात अपघातात ठार, चालकाचा ताबा सुटल्याचा अंदाज.’ दिवे न लावण्याचा हुकूम त्यात नाही, पीठही नाही. कोल्हापुरात बसून अंदाज कुणी केला ते विचारलं, तर बाळासो म्हणाला, अंदाजच हाय की, त्याला जायला कशाला लागतंय.

मग एसटीनं चंदगडला गेले. पाऊस असा की खिडकीतून गाव दिसेना. चिमणाबाई लावणीतून चिखलाच्या पायांनी आल्या. ठेकेदाराचा निरोप त्यांना आधीच कळला होता. रडून झालं होतं. मला चहा दिला, तुझी चौकशी केली. मग म्हणाल्या, पोरी, त्यो फोटू आणलास? गुंडूनं कुणाकडून तरी चिठ्ठी लिहून कळवलं होतं की बंदुकीचा फोटो येणार आहे. मी खरं ते सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, मला त्याचं त्वांड आठवतंय गं, पर रोज वाईच कमी आठवतंय. बघ, घावला तर आण.

इथे टीव्हीनं युद्ध संपल्याचं जाहीर केलं आणि आण्णांचं सुरू झालं. आण्णा म्हणजे ते कारखान्याच्या निवडणुकीत पडलेले, दहा बोटांत सात अंगठ्यांचे. विधानसभेला अपक्ष उभे राहणार, निशाणी छत्री मागणार. मतदारसंघ अजून ठरलेला नाही, म्हणून ते सगळ्या जिल्ह्याचे एकदम झालेत. आपल्या घरी गाड्या घेऊन आले, आईच्या पाया पडले, आणि कॅमेरेवाला मागे राहिला होता म्हणून तो आल्यावर पुन्हा एकदा पडले. तू रजेवर आलास की जाहीर सत्कार आहे. फोटोतली तुझी बाजू त्यांच्याकडेच गेलीय. गुंडूबद्दल सांगितलं तर म्हणाले, वाईट झालं, पण ताई, अपघाताला टाळ्या पडत नाहीत.

मी शोधतेच आहे.

तुझी,
संघप्रिया


मार्फत ५६ एपीओ
१३ ऑगस्ट १९९९

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

घाईत लिहितो. साहेबांची परवानगी घेऊन मी रणनौबतच्या संपादकांना पत्र धाडलंय. साधं लिहिलंय. मी जखमी झालो नाही, तो गुलाल आहे. मी शिखर घेतलं नाही, ज्यांनी घेतलं त्यांना बटाटे पोचवले. फोटोत माझ्याशेजारी गुंडू होता, तो लष्कराचं पीठ नेताना गेला, त्याचं नाव छापा. माझ्याऐवजी छापा. एवढंच.

यात गुलाल म्हटलंय, म्हणजे जोतिबाचं आप्पांना कळणार. कळू दे. तू आधी सांगून ठेव, म्हणजे पेपरातून कळायला नको.

तुझा,
प्रसेनजीत


मंगळवार पेठ, कोल्हापूर
३० ऑगस्ट १९९९

चि. प्रसेनजीत यास,
अ. आ. व सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र छापलं. पहिल्या पानावर, चौकटीत. मथळा, ‘मी काहीच केले नाही! रणवीराचा हृदयस्पर्शी विनय’. खाली तुझी दोन वाक्यं. जखमी झालो नाही, शिखर घेतलं नाही. मग संपादकांची टीप, की खरा वीर स्वतःच्या जखमा लपवतो. गुलाल नाही, बटाटे नाहीत, गुंडू नाही. तू पुन्हा पत्र पाठवलंस तर तुला संत करतील, तेव्हा आता थांब.

शोध कुठे लागेना. निदान तोंडानं सांगून यावं म्हणून मी पुन्हा चंदगडला गेले. चिमणाबाई मला उतरवून घ्यायला स्टँडवर आल्या होत्या. कंट्रोलरच्या खिडकीशेजारी आण्णांचं नवंकोरं रंगीत पोस्टर. खाली छत्री, वर ‘जवानांच्या पाठीशी, जनतेच्या पाठीशी’. त्यात तू बंदूक घेऊन, गुलालाचा लालभडक रंग करून, आणि तुझ्या शेजारी, जिथे गुंडू होता तिथे, फेटा बांधलेले आण्णा. गुंडूचा हात तुझ्या खांद्यावर होता तसाच आहे. बघणाऱ्याला वाटावं आण्णांनीच गळ्यात हात टाकलाय. त्यांना तेवढं जोडकाम आयतं मिळालं. अंगठ्या नसलेला हात आण्णांचा कसा, असं अख्ख्या जिल्ह्यात कुणाला वाटलं नाही. मलाही नाही, प्रसेनजीत. असली पोस्टरं मी आठवडाभर शाळेच्या वाटेवर बघत होते.

चिमणाबाई थांबल्या. आधी तुझ्याकडे बोट करून म्हणाल्या, ह्यो तुझा भाऊ न्हवं? मग जवळ गेल्या. त्या हाताच्या अर्ध्या करंगळीवर बोट ठेवलं. म्हणाल्या, ह्यो माझ्या गुंडूचा हात हाय. विळा लागला तवा म्याच हळद दाबून बांधलाय. मग त्यांनी मला विचारलं, पोरी, ह्या माणसानं माझ्या ल्योकाचा हात कशाला लावून घेतलाय?

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. पोस्टर वरून धरलं आणि हळूहळू, भाकरी तव्यावरून सोडवावी तसं, भिंतीवरून सोडवलं. तरी कडेला फाटलंच. आण्णांची पोरं धावत आली, ओरडली. त्या पोस्टर पोटाशी धरून पावसात चालत गेल्या आणि मी त्यांच्यावर छत्री धरून मागे.

दुसऱ्या दिवशीचा रणनौबत पाठवतेय. ‘चंदगडमध्ये वीर जवानाच्या चित्राची विटंबना. अज्ञात देशद्रोह्यांचा शोध सुरू.’ मी छापखान्यात जाऊन म्हटलं, ती अज्ञात बाई मला ज्ञात आहे, नाव लिहून घ्या, तिच्या मुलाचंही लिहून घ्या. बाळासोनं पेन खाली ठेवलं.

आईनं आण्णांच्या मंचावर बसायला नकार दिला. आप्पांना जोतिबाचं मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते काठी घेऊन कुठेतरी गेले, रात्री आले, टोपी खुंटीला अडकवून झोपले. कुठे गेला होता म्हणून विचारायची माझी छाती झाली नाही.

तुझी,
संघप्रिया


मंगळवार पेठ, कोल्हापूर
१० ऑक्टोबर १९९९

चि. प्रसेनजीत यास,
आप्पाचा जयभीम. वि. वि.

मला पत्र लिहायची सवय नाही. पण हे संघप्रियाकडून लिहून घ्यायचं नव्हतं.

जोतिबाचं तिनं फार भीत भीत सांगितलं. मला ते त्याच वर्षी कळलं होतं. चंदगडहून आलेल्या पोराच्या कानामागं गुलाल कसा, एवढं कळायला मी काही पेपर चालवत नाही. तू लपवलंस याचा राग होता. आता नाही.

दीक्षा घेतल्यापासून मी कुठल्या देवाच्या दारात गेलो नव्हतो. ऑगस्टात जोतिबाच्या डोंगरावर गेलो. देवाकडं काम नव्हतं, फोटोवाल्याकडं होतं. आकाराम त्याचं नाव, यात्रा नसली की खेळणी विकतो. तोच पडदा अजून आहे, कड्यांसकट. निगेटिव्ह मागितली, तर म्हणाला, पावणं, समदी डब्यात ठिवली हुती, पर आवंदा गिराण लागलं तवा पोरांनी सूर्य बघायला म्हणून नेली. आणि त्या दिवशी ढग होते, पोरांना सूर्यही दिसला नाही. मी थोडा आधी गेलो असतो तर मिळाली असती. येताना कुणीतरी उधळलेला गुलाल टोपीवर पडला. टोपी अजून धुतलेली नाही.

निकाल लागला. आण्णा निवडून आले. मिरवणूक आपल्या दारावरून नेली, ट्रकभर गुलाल. मी दारात होतो, माझ्या अंगावर ओतला. मी तो झाडत होतो. दुसऱ्या दिवशी माझा फोटो पेपरात, ‘वीरपित्यानेही गुलाल उधळून साजरा केला विजय’. तुझ्या आईला मी स्वतः सांगितलं की मी झाडत होतो. तिनं पेपराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि या वेळी माझ्यावर विश्वास ठेवला. घरात तेवढी सुधारणा आहे.

परवा मी चंदगडला जाऊन आलो. निगेटिव्ह नाही हे कुणीतरी तोंडानं सांगायला पाहिजे होतं. चिमणाबाईंनी मला आत नेलं. त्यांनी पोस्टरातून तो हात कापून काढलाय आणि भाताच्या पेजेनं देवळीशेजारी भिंतीला लावलाय. आण्णांचं तोंड गोठ्याच्या भोकाला आहे, पावसाची झड आत येऊ नये म्हणून. तुझं तोंड मात्र घडी करून ट्रंकेत ठेवलंय. म्हणाल्या, दुसऱ्याच्या लेकराचं त्वांड कसं टाकू? मला रडू आलं. मी त्यांच्यासमोर रडलो, ते इथे लिहून ठेवतो.

फोटो मिळायचा नाही, असं मी सांगितलं. मग त्यांनी एकच मागितलं. तू रजेवर आलास की त्या भिंतीला टेकून उभं राहायचं, हात खांद्यावर येईल असं. आणि गुंडूचं डोकं तुझ्या डोक्यापासून किती वर होतं, तोंड कुणीकडं केलं होतं, कसा हसत होता, ते बोटानं हवेत दाखवायचं. तेवढं दाव म्हणावं, फुडचं माझं म्या बघते.

आण्णांनी तुझा सत्कार दिवाळीत ठेवलाय. मंडप घालू दे त्यांना. तू कोल्हापूरला येऊ नकोस. बेळगावला उतर, तिथून चंदगडची गाडी आहे. मी चंदगडच्या स्टँडवर थांबतो. त्याची माकडटोपी घेऊन ये.

आईचे आशीर्वाद. आमच्यावर माया ठेवतोस तशीच त्या घरावर ठेव.

तुझा,
आप्पा